पत्र्याखालची बाळंतीण

कोपरीच्या खालच्या पाड्याला आग लागली तेव्हा माणूस एकही दगावलं नाही. एक शेळी तेवढी होरपळून मेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्या पाड्यात जे झालं त्याचं खापर ठाण्यातले लोक अजूनही आगीवर फोडतात, आणि ते मला खपत नाही. आगीनं फक्त घरं नेली. बाकीचं मी केलं.

साल अठराशे अठ्ठ्याऐंशी. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन ठाण्यात आलो होतो आणि जगात शिकण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की समजूत होती. त्रिंबक कर्णिक म्हटलं की कोर्टनाक्यापर्यंत लोक मान डोलवतात, असं मला उगाचच वाटायचं. प्रत्यक्षात माझ्या बायकोशिवाय, उत्तरेशिवाय, मला फारसं कुणी ओळखतही नव्हतं, आणि ती मान डोलवत नसे.

पाडा आगऱ्यांचा. मिठागरावर राबणारी तीस-पस्तीस घरं. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. वर भाताच्या पेंढ्याचं हातभर जाड छप्पर, आणि ते पुढून इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना कमरेत वाकावं लागे. घरं सरळ रांगेत नव्हतीच. कुणाचं तोंड इकडे, कुणाचं जरा तिकडे, मधून वाकड्यातिकड्या बोळी, आणि मध्येच कुठे भेंडीचं घेरदार झाड, कुठे चिंच. फाल्गुनात कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि दोन घटकांत सगळ्याची राख झाली. लोक लाथेनं कूड पाडून बाहेर पडले म्हणून वाचले.

गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी जळीत-मदत कमिटी काढली. तिचे अध्यक्ष मनानं वाईट नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तांदळाची पोती पाठवली, आणि पाडा पुन्हा उभा राहिल्याशिवाय आपण गोड खाणार नाही असं चारचौघांत सांगितलं. मात्र पुन्हा गवत नको, असं कमिटीचं एकमत झालं. गवत म्हणजे आग. तेव्हा नालीदार जस्ती पत्रे आणायचे, आणि घरं एका ओळीत, नीट, रस्त्याला लागून बांधायची. आखणी माझ्याकडे आली.

त्या आखणीचा मला किती अभिमान होता ते आठवलं की आजही मला माझी शिसारी येते. मी कागदावर एक रेघ मारली आणि त्या रेघेवर चोवीस खोल्या बसवल्या. एकमेकींना चिकटलेल्या, सगळ्यांची दारं पूर्वेला नव्या रस्त्याकडे, म्हणजे कमिटीची गाडी आली की बसल्या जागेवरून सगळं दिसावं. पाठीमागची भिंत पश्चिमेला. तिला खिडकी ठेवली नाही. खिडकीतून चोर येतात, पाऊस येतो आणि खर्च वाढतो. भिंती अर्ध्या विटेच्या, वर सात फुटांवर पत्रा. रेघेत दोन भेंडी आणि एक चिंच येत होती, ती तोडली.

दोरीचं दुसरं टोक धरायला काळुराम होता. मिठागरावरचा जुना गडी, पन्नाशीचा, उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं पायांना भेगा पडलेल्या. पाड्यातली माणसं त्याचा शब्द मानत. दोरी ताणता ताणता त्यानं मला विचारलं की दारं रस्त्याकडे कशाला, दुपारनंतर वारा मावळतीकडून सुटतो, घराचं तोंड तिकडे पाहिजे. मी हसलो. म्हटलं, वाऱ्याच्या तोंडाकडे बघून घरं बांधलीत म्हणून तर आग एवढी पसरली. हे मी त्या क्षणी मनानं रचलेलं उत्तर होतं, पण ते इतकं चपखल बसलं की तो गप्प झाला. शिकलेल्या माणसापुढे ती माणसं लवकर गप्प होतात. मला वाटे त्यांना पटलं.

चैत्रात लोक राहायला गेले. आठ दिवसांत कुरबुरी सुरू झाल्या. दिवसा आत बसवत नाही, लोटा उचलला तर हात पोळतो, पोरांच्या अंगावर घामोळं उठलंय. मी म्हटलं, सवय होईल. आणि खरं तर त्यांनी सोय करून घेतलीही होती. पुरुष मिठागरावर, बायका दिवसभर बाहेर, चुली बाहेर, रात्री ओळीपुढे चटया. घर फक्त भांडी ठेवायला. एवढं सगळं डोळ्यांपुढे होतं आणि मला त्यात माझी चूक दिसली नाही. मला वाटलं, बघा, काही अडत नाही यांचं.

पण एक माणूस असतं ज्याला बाहेर येता येत नाही. ते माझ्या डोक्यात आलं नाही, आणि पाड्यातल्या बायकांनी मला सांगितलं नाही, कारण असल्या गोष्टी ओव्हरसियरला सांगायच्या नसतात.

काळुरामची मुलगी शकू खडवलीला दिली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून चैत्र संपता संपता तिची आई आवडाबाई तिला बैलगाडीतून माहेरी घेऊन आली. सतरा-अठरा वर्षांची पोर, तोंडाची फटकळ. मी ओळीवरून चक्कर मारायला जाई तेव्हा ती सकाळी भिंतीच्या मागच्या अंगाला बसलेली असे आणि दुपारी पुढच्या अंगाला, सावली सरकेल तशी पोट सावरत तीही सरकायची. एकदा मला पाहून म्हणाली, "सायेब, तुमचे घराला सावली हाय. पन ती भायेर हाय."

मला हसू आलं. घरी गेल्यावर मी ते उत्तरेला सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, कितवा महिना लागलाय. मी म्हटलं, असेल नववा. मग ती म्हणाली, "तिला तिथे बारा दिवस दार लावून ठेवतील. खाली शेगडी असेल. तुमच्या लक्षात येतंय का?"

लक्षात यायला हवं होतं. आमच्याच घरी मार्गशीर्षात तिचं बाळंतपण झालं होतं. बंद खोली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, कानांत कापूस, डोक्याला फडकं, प्यायला गरम पाणी आणि तेही घोटघोट. वाऱ्याची झुळूक लागली तर बाळंतीण दगावते, हे आमच्या घरातही तितकंच खरं मानलं जातं जितकं पाड्यात. पण आमची भिंत दोन हात जाडीची मातीची, वर माळा आणि त्याच्यावर कौलं, आणि दिवस थंडीचे. मी म्हटलं, पाड्यात पूर्वीही वैशाखात बायका बाळंत व्हायच्याच की. उत्तरा म्हणाली, व्हायच्या, पेंढ्याखाली. मी विषय बदलला.

वैशाख शुद्ध सप्तमीला शकूला मुलगी झाली. सुखरूप. सुईण ठमाबाई, आख्ख्या कोपरीत तिचा हात लागल्याशिवाय कुणी जन्माला आलं नव्हतं. तिनं रिवाजाप्रमाणे सगळं केलं. दार लावलं, फटींत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली शेगडी ठेवली. पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, दार उघडं टाकायचं नाही. पाचव्या रात्री सटवी येऊन पोराच्या कपाळी लिहून गेली की मग थोडं सैल. कुडाच्या घरात हे सगळं चालून जाई, कारण तो कूड कितीही लिंपला तरी श्वास घेई. दार लावलेलं असलं तरी ते घर बंद नसे. हे त्या माणसांना शब्दांत माहीत नव्हतं. त्यांना वाटे दारानंच बाळंतीण जगते. आणि मला तर काहीच माहीत नव्हतं.

काळुरामला मात्र काहीतरी कळलं असावं. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं कुठूनतरी पेंढा आणला, आपल्या खोलीच्या पत्र्यावर हातभर जाड पसरला आणि खाडीचं पाणी ओतून तो भिजवून ठेवला. मी दहाच्या सुमारास तिथे पोचलो तर माझ्या सरळ, चकचकीत ओळीच्या मधोमध हे गबाळं, आणि त्यातून खारं पाणी ठिबकतंय.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी कमिटी पाहणीला यायची होती. गवत नको म्हणून तर एवढा खटाटोप, आणि यांनी पुन्हा गवतच चढवलं. वर खारं पाणी. नवा पत्रा वर्षभरात गंजून जाईल. मी काळुरामला चारचौघांत बोललो. त्यानं हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. आत शकू बाळंतीण आहे, एवढी पाचवी होऊ द्या, मग मी स्वतः काढतो, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, कमिटी उद्या येऊन गेली की बघू, तोपर्यंत हे वर दिसता कामा नये. तो जागचा हलेना, तेव्हा मीच शिडी लावली आणि वर चढून पेंढा ओढून खाली टाकला. हाताला पत्रा लागला आणि पोळला. तेवढ्यानंही मला अक्कल आली नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली नाही. उन्हामुळे अध्यक्षांनी पाहणी दोन दिवस पुढे ढकलली होती. आता पेंढा परत चढवायला काळुरामला सांगायला हरकत नव्हती, पण मी म्हटलं, दोन दिवसांत येतीलच, उगीच दोनदा चढव-उतर कशाला.

चौथ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. उत्तरेनं पान वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही तिथे जाऊन या. आत्ता. मला लक्षण ठीक वाटत नाहीये." जेवणावरून उठवायची आमच्याकडे रीत नाही, आणि तिनं ते कधी केलंही नव्हतं. मी उठलो. जाताना कॉलेजातला थर्मामीटर खिशात टाकला. कशासाठी ते मला नीटसं माहीत नव्हतं. बहुधा काही झालं नाही हे तिला आकड्यात दाखवता यावं म्हणून.

ओळीवर पुरुष एकही नव्हता. मीठ काढायचे दिवस, सगळे आगरात. बायका ओळीच्या पुढच्या वीतभर सावलीत गप्प बसलेल्या. वाऱ्याचा मागमूस नव्हता. म्हणजे होता, पण ओळीच्या मागे. मागच्या बाजूला पालापाचोळा भिंतीपाशी येऊन थांबत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. काळुरामच्या शेजारची खोली रिकामी होती. मी आत गेलो, दार लावून घेतलं आणि उभा राहिलो. थोड्या वेळात माझं डोकं गरगरायला लागलं. थर्मामीटरचा पारा एकशे तेरा फॅरनहाइटवर गेला. तिथे शेगडी नव्हती, धुरी नव्हती, तीन जिवंत माणसंही नव्हती.

मी बाहेर येऊन काळुरामच्या दारावर थाप मारली. आवडाबाईनं आतून विचारलं कोण. मी म्हटलं दार उघडा, शेगडी बाहेर काढा, पोरीला बाहेर आणून सावलीत ठेवा. हे बोलतानाच लक्षात आलं की पोरीला निजवण्याजोगी सावली कुठे आहे? झाडं मीच तोडली होती. ठमाबाई बाहेर पायरीवर बसली होती. ती उठून दाराला पाठ लावून उभी राहिली आणि मला शांतपणे समजावू लागली, लहान मुलाला समजावतात तसं. आज चौथा दिवस, उद्या पाचवी, आज दार उघडलं तर वारा भरेल, पोरगी हातची जाईल. मी विचारलं, पोरगी कशी आहे. म्हणाली, सकाळपासून अंगाला घाम नाही, अंग तव्यासारखं तापलंय, बडबडते आहे. वारा शिरलाय कुठूनतरी, म्हणून शेगडी वाढवलीय.

घाम थांबला म्हणजे काय, हे मला माहीत होतं. पुण्याला बांधकामावर एक गवंडी तसा गेलेला मी पाहिला होता. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला हवं होतं, असं नंतर सर्जन म्हणाला होता. मी ठमाबाईला सांगितलं. तिनं मान हलवली. बाळंतिणीच्या अंगावर गार पाणी! ती मला वेडा समजली असणार.

मग आतून शकूचा आवाज आला. ती पाणी मागत होती. नुसतं "पानी, पानी", आणि मध्येच काहीतरी सासरच्या म्हशीबद्दल. मी दाराच्या फळीला तोंड लावून आवडाबाईला हाक मारली आणि विनवलं. खरंच विनवलं, आयुष्यात मी त्या जातीच्या माणसाला तोवर विनवलं नव्हतं. म्हटलं, बाई, ऐका माझं, तुमची लेक उकाड्यानं जाते आहे, वाऱ्यानं नाही.  मग कडी निघाली आणि दार हातभर उघडलं. आतली हवा माझ्या तोंडावर आली, भट्टीचं झाकण काढावं तशी. अंधारात मला आवडाबाईचा चेहरा दिसला, घामानं निथळलेला, आणि तिच्यामागे बाज.

दार उघडं होतं. मी आत एक पाऊल टाकलं असतं, शेगडी लाथेनं बाजूला केली असती, पोरीला उचलून बाहेर आणली असती, तर मला कुणी अडवलं नसतं. म्हाताऱ्या सुईणीनं काय अडवलं असतं? दोन दिवसांपूर्वी ज्या अधिकारानं मी यांच्या डोक्यावरचा पेंढा ओढला, तोच अधिकार माझ्याजवळ होता. पण मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. परक्या बाईच्या बाळंतघरात कसं शिरायचं, त्यांच्या रिवाजात आपण कसा हात घालायचा, असं मी मनाशी म्हटलं. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला मला अकरा वर्षं लागली. आगऱ्याच्या घरातली सोयर, तिथे शिरलो तर घरी गेल्यावर डोक्यावरून अंघोळ करावी लागेल, आईला सांगावं लागेल. तेवढ्या अंघोळीसाठी मी थांबलो.

त्याऐवजी मी काय केलं, तर परवानगी आणायला गेलो. निदान पेंढा पुन्हा चढवायची परवानगी. मी आवडाबाईला म्हटलं, दार असंच ठेवा, मी आलोच, आणि उन्हातून अध्यक्षांच्या बंगल्याकडे धावलो.

अध्यक्ष वामकुक्षीला होते. नोकरानं मला व्हरांड्यात बसवलं. व्हरांडा उत्तरेकडे तोंड केलेला, रुंद, कौलं खाली उतरलेली, आणि कमानींना वाळ्याचे पडदे सोडून ते भिजवलेले. दाराशी माठ. मी तिथे दीड तास बसलो. अंगाला हळूहळू गारवा आला, कपाळ थंड झालं, आणि मला लाज वाटते पण सांगतो, माझा डोळा लागला. अध्यक्ष उठले तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकलं, जीभ चावली, आणि लगेच म्हणाले, अहो, मग विचारायला कशाला आलात, चढवायचा होता पेंढा. ते खरंच म्हणाले. मी माघारी पळालो.

ओळीच्या टोकाला पोचलो तेव्हा बायकांचा आवाज ऐकू आला आणि मी धावायचा थांबलो.

तिला संध्याकाळी नेली. बाळंतीण गेली म्हणून वाटेवर राळे टाकत नेली, तिनं परत घराकडे येऊ नये यासाठी. काळुराम मिठागरातून आला तेव्हा त्याच्या पायांवर मीठ वाळलेलं होतं, आणि तसाच तो खांदा द्यायला चालला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मी बरोबर जावं की नाही ते न कळून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, आणि सगळे दिसेनासे झाल्यावर घरी गेलो. उत्तरेनं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि आत निघून गेली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. पुढे बोलली, पण पूर्वीसारखी नाही.

पाड्यात तोवर निकाल लागला होता. शकू का मेली, तर दार उघडलं म्हणून. चौथ्या दिवशी, पाचवीच्या आदल्या दुपारी, आईनंच दार उघडलं आणि वारा भरला. ठमाबाईनं पाहिलं होतं. सगळ्या बायकांनी पाहिलं होतं. ओव्हरसियर साहेबानं सांगितलं म्हणून उघडलं, असंही म्हणत, पण त्याचा दोष माझ्यावर येत नसे. साहेबाला बाळंतपणातलं काय कळतं? आईला कळायला हवं होतं.

पोर जगली होती. आवडाबाई तिला शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून पाजत होती, रात्र रात्र मांडीवर घेऊन बाहेर बसत होती. बाराव्याला खडवलीहून शकूचा नवरा पंढरी आणि त्याची आई आली. त्यांना मुलगी न्यायची होती. तिकडे शकूच्या जावेचं लेकरू अंगावर पीत होतं, दोन्ही पोरं वाढतील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते वावगं नव्हतं. पण पंढरीची आई तेवढ्यावर थांबली नाही. जिनं स्वतःच्या लेकीला वारा लावून मारलं तिच्याजवळ आमचं पोर ठेवणार नाही, आणि पुन्हा या घराचं तोंड पोरीला दाखवणार नाही, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं.

काळुरामनं मला बोलावून घेतलं होतं. ओळीच्या सावलीत पाड्याची माणसं बसली होती. मला बसायला पेटी दिली होती. आवडाबाई जरा अंतरावर, पोर मांडीवर. ती कुणाशी वाद घालत नव्हती. पोर आपल्याजवळ राहावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते आता एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. काळुराम माझ्याकडे वळला.

"सायेब, तुमी शिकलेले. तुमी तवा तितं हुते. माजी पोर वाऱ्यानं मेली का उकाऱ्यानं, ते सांगा."

मला माहीत होतं. आकड्यासकट माहीत होतं. पण उकाड्यानं म्हटलं की पुढचा प्रश्न होता, तो उकाडा आला कुठून, आणि त्याच्या पुढचा, पेंढा कुणी ओढला. पुढच्या महिन्यात उरलेल्या पाड्यासाठी दुसरी ओळ आखायची होती, ते काम माझ्याच नावावर होतं. आज इथे बोललो तर उद्या ते कमिटीपुढे जाईल. एवढं सगळं माझ्या डोक्यातून किती झटकन गेलं! मी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणालो, "मी काही डॉक्टर नाही, काळुराम."

त्यानं मान खाली घातली. मग आवडाबाई बोलली, कुणाकडेही न बघता.

"सायेबांना कशाला इचारता? दार मीच उघरला."

आणि तिनं उठून पोर पंढरीच्या आईच्या हातात दिलं.

ती मला वाचवायला असं बोलली, अशी समजूत करून घेऊन मी बरेच दिवस काढले. त्यात माझ्या मनाला बरं वाटायचं. तसं नव्हतं. तिची खरोखर खात्री होती की दार उघडून आपण पोरीला मारलं. ती खात्री तिच्या मनातून काढू शकेल असा एकच माणूस तिथे होता, आणि तो पेटीवर बसला होता.

दुसरी ओळ मी वेगळी आखली. याचं श्रेय मला नको, पण झालं ते सांगतो. घरांची तोंडं तिरकी करून वायव्येला आणली. चार-चार घरांमध्ये बोळ सोडला. भिंत मातीची, हातभर जाड, आणि प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन खिडक्या. कौलांसाठी कमिटीशी भांडलो आणि अर्ध्या घरांना मिळवलीही. जिथे पत्राच राहिला तिथे खाली बांबूचा माळा घातला. झाड एकही तोडलं नाही; एका चिंचेसाठी ओळ वाकडी केली. अध्यक्षांना ते आवडलं नाही, पण त्यांनी चालवून घेतलं. लोक राहायला गेल्यावर पहिल्या दुपारी मी एका खोलीत जाऊन उभा राहिलो तेव्हा एका खिडकीतून वारा आला आणि दुसरीतून गेला. मला रडू आलं.

पुढचा वैशाख आला. दुसऱ्या ओळीत काळुरामच्या पुतण्याची बायको बाळंत झाल्याचं कळलं. मी दुपारी तिकडे गेलो. लांबूनच मला दिसलं की त्या घराची पुढची खिडकी दिसत नाही. जवळ गेलो. ती शेणामातीनं लिंपून सपाट केली होती, अजून ओली. वळसा घालून मागे गेलो, तर दुसऱ्या खिडकीशी आवडाबाई उभी होती, कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. पाड्यात आता बाळंतघर बंद करायचं काम तीच करते, असं मागाहून कळलं. जिच्या हातून चूक झाली तिला ती चूक कशी टाळायची हे सगळ्यांत चांगलं ठाऊक असणार, असा त्यांचा हिशेब.

मी विचारलं, हे काय करताय. ती म्हणाली, वारा लागेल. मग मी बोललो. वर्षभर दडवलेलं सगळं त्या खिडकीपाशी उभा राहून बोललो. तुमची लेक वाऱ्यानं गेली नाही. दार उघडलंत ते बरोबर केलंत, उलट उशिरा उघडलंत. पत्र्यानं गेली ती. पत्रा मी घातला, पेंढा मी काढला, दार उघडल्यावरही मी आत आलो नाही. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. माझा आवाज चढला असावा, कारण आतलं पोर रडायला लागलं.

आवडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिचे हात थांबले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही.

"तवा इचारला हुता तुमाना," ती म्हणाली. "सगल्यांचे म्होरं इचारला हुता."

मग ती खाली वाकली, घमेल्यातून मातीचा गोळा उचलला आणि राहिलेली खिडकी लिंपायला लागली.